कोंबडीच्या पिलाचे पाय आणि आंबोलीचा पावसाळा

सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर वसलेल्या आंबोलीत मृग लागल्यापासून पावसाचा जो अंमल सुरू होतो तो दसरा जवळ येईपर्यंत उठत नाही. वर्षाकाठी ७००० मिलिमीटरांच्या आसपास पडणारा पाऊस आणि दिवस दिवस घरात शिरून बसणारे धुके यांच्यापासून माणसांचा, गुरांचा आणि लाकूडफाट्याचा बंदोबस्त करण्याची रीत या गावाने पिढ्यान्‌पिढ्या बसवलेली आहे. परंतु खुडूक कोंबडीच्या पोटाखालून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिलाचा विचार त्या मानाने फारच थोडा होतो. पावसाळ्याच्या तोंडावर निघालेल्या आठदहा पिलांपैकी एखादे उभे राहू जाते तो त्याचे पाय दोन बाजूंना फाकतात, एखाद्याची बोटे मुठीसारखी आत वळतात, एखादे तीन आठवडे धडधाकट हिंडून चौथ्या आठवड्यात घोट्यांवर बसून राहते. घरची माणसे हळहळतात. कोणी पायांना तेल चोळतो, कोणी ते ओढून सरळ करू पाहतो, आणि शेवटी पिलाचे नशीब म्हणून त्याला डालग्याखाली ठेवून आपल्या कामाला लागतो.

या लेखात जे सांगावयाचे आहे ते एवढेच की, अशा पिलांपैकी बरीचशी वाचवता येतात, मात्र त्यासाठी पायावर इलाज करण्यापूर्वी तो पाय कशामुळे बिघडला याचा शोध घ्यावा लागतो. पिलाच्या पायात त्याच्या साऱ्या परिस्थितीची नोंद होत असते: ज्या जमिनीवर ते उभे राहिले ती जमीन, ज्या उबेत ते निघाले ती ऊब, जे ऊन त्याला मिळाले किंवा मिळाले नाही ते ऊन, आणि जो दाणा त्याच्या आईने व त्याने खाल्ला तो दाणा. ही नोंद वाचता आली म्हणजे उपचार बहुधा साधा आणि घरगुतीच निघतो; ती न वाचता केलेला उपचार मात्र पुष्कळदा चांगल्या पायाचीही हानी करतो.

कबुतराचे किंवा पोपटाचे पिलू आंधळे आणि उघडेवाघडे जन्मते व आईबापांनी चोचीत भरवल्याशिवाय जगत नाही. कोंबडीचे पिलू मात्र २१ दिवसांची उबवण पुरी होताच उघडे डोळे, अंगावर लव आणि पायांत चालण्याचे सामर्थ्य घेऊनच कवचाबाहेर येते. बाहेर पडण्यापूर्वी अंड्यातील उरलेला बलक त्याच्या पोटात ओढला गेलेला असतो आणि त्या शिदोरीवर ते सुमारे दोन दिवस तग धरते. परंतु त्यानंतर आईमागे धावणे, तिने टोचून दाखवलेला कण उचलणे, पाण्यापर्यंत पोहोचणे आणि घार दिसताच पंखाखाली शिरणे ही सर्व कामे पायांच्याच भरवशावर चालतात. म्हणून पायांनी अधू झालेले पिलू पायाच्या व्यंगाने सहसा मरत नाही. ते तहानेने, भुकेने, गारठ्याने, अथवा धडधाकट भावंडांच्या पायांखाली तुडवले जाऊन मरते. तेव्हा रोगाचे निदान होईपर्यंत करावयाची पहिली तजवीज ही की, पिलाला वेगळे पण भावंडांच्या आवाजाच्या टप्प्यात ठेवावे, त्याला ऊब द्यावी, आणि चोचीचे टोक कोमट पाण्यात हलकेच बुडवून त्याला स्वतः पाणी प्यायला लावावे. नळीने किंवा चमच्याने घशात पाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊन पिलू दगावण्याचा धोका असतो.

पायाची परीक्षा करावयाची तर त्याची रचना थोडीशी ठाऊक हवी. कोंबडीच्या पायात जो सांधा मागच्या बाजूस वाकलेला दिसतो त्याला पाहणारा गुडघा समजतो, परंतु वास्तविक तो घोटा होय. खरा गुडघा वर मांडीपाशी लव आणि पिसे यांत झाकलेला असतो. घोट्याखालची खवलेदार नळी आणि त्यानंतरची बोटे, तीन पुढे व एक मागे, एवढाच भाग आपल्याला नेहमी उघडा दिसतो. पोटरीच्या स्नायूची जाड कंडरा घोट्याच्या मागच्या बाजूस असलेल्या एका खोबणीतून खाली उतरते आणि तिच्याच ताणाने पाय सरळ राहतो. ही खोबण, ही कंडरा आणि तिच्या वरखालची दोन लांब हाडे यांची वाढ पहिल्या काही आठवड्यांत इतकी झपाट्याने होते की, त्या मुदतीत पडलेली लहानशी उणीवदेखील पायात उतरल्याशिवाय राहत नाही, आणि त्याच कारणाने त्या मुदतीत केलेली दुरुस्तीही लवकर लागू पडते.

पिलाला तळहातावर घेऊन प्रथम त्याचे वय विचारात घ्यावे. पहिल्या दोनतीन दिवसांतील दोष बहुधा उबवणीचा, जमिनीचा किंवा आईच्या आहाराचा असतो. दोन ते पाच आठवड्यांच्या दरम्यान दिसू लागलेला दोष बहुधा पिलाच्या स्वतःच्या आहाराचा व उन्हाचा. आणि महिनाभर चांगले वाढलेले पिलू अकस्मात लंगडू लागले तर संसर्गाची शंका प्रथम घ्यावी. त्यानंतर दोन्ही पाय बरोबरीने चाचपावेत: कोठे सूज आहे काय, एखादा सांधा दुसऱ्याहून गरम लागतो काय, हाड मोडल्याची खूण आहे काय, तळव्याला काटा किंवा जखम आहे काय, आणि बोटांना दोरा किंवा केस गुंडाळला गेला आहे काय. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण गोणपाटाचा एखादा सुटलेला धागा बोटाला आवळून रक्तप्रवाह थांबवतो आणि ते बोट काळे पडून गळून जाते. असा धागा भिंगाखाली, बारीक कात्रीने कापून काढणे हाच तेथे सारा उपचार असतो.

नवजात पिलांत सर्वांत अधिक आढळणारा आणि सर्वांत चांगला बरा होणारा दोष म्हणजे फाकलेले पाय. याचे कारण पुष्कळदा पिलाच्या पायाखालीच पसरलेले असते. गुळगुळीत फरशी, घोटलेला सिमेंटचा कोबा, खोक्याच्या तळाशी घातलेले वर्तमानपत्र अथवा प्लास्टिकचा कागद यांवर पिलाच्या नखांना पकड मिळत नाही. उभे राहण्याच्या प्रत्येक प्रयत्नात पाय बाजूंना सरकतात, मांडीचे कोवळे स्नायू व अस्थिबंध ताणले जातात, आणि एकदोन दिवसांत तीच त्या पायांची ठेवण होऊन बसते. यंत्रात उबवलेल्या अंड्यांच्या बाबतीत उष्णमान सुमारे ३७.५ अंश सेल्सियसवरून वरचेवर ढळल्यास किंवा आर्द्रता प्रमाणाबाहेर राहिल्यासही हा दोष उद्भवतो. पावसाळ्यात बाहेरची जमीन चिखलाची झाल्यामुळे पिले घरात घेतली जातात आणि घरात त्यांच्या वाट्याला नेमकी गुळगुळीत फरशी येते, हे आंबोलीसारख्या गावात या दोषाचे विशेष कारण समजावे.

याचा इलाज पहिल्या दोनतीन दिवसांत करावा. आठवडा लोटला म्हणजे यशाची शक्यता पुष्कळ घटते. औषधांच्या दुकानात मिळणारी, स्वतःलाच चिकटणारी मऊ पट्टी सुमारे अर्धा सेंटिमीटर रुंद कापून घ्यावी. ती न मिळाल्यास जखमेवर लावण्याची साधी चिकटपट्टी उभी मधोमध कापली की तिची गादी बरोबर दोन पायांच्या मध्ये येते आणि दोन्ही टोके दोन नळ्यांभोवती गुंडाळता येतात. हे काम दोन माणसांचे आहे. एकाने पिलू मऊ फडक्यात धरून पाय खाली मोकळे सोडावेत, दुसऱ्याने घोट्याच्या खाली आणि बोटांच्या वर पट्टीचा सैल वेढा द्यावा. दोन पायांतील अंतर एक दिवसाच्या पिलात सुमारे अडीच सेंटिमीटर ठेवावे, म्हणजे दोन्ही पाय नेमके कमरेखाली येतात. त्याहून जवळ बांधल्यास पिलू तोल जाऊन पडते आणि त्याहून दूर बांधल्यास बांधण्याचा हेतूच साधत नाही. सुतळी, दोरा किंवा रबर कदापि वापरू नये.

पट्टी बांधल्यानंतर पहिला अर्धा तास पिलू कोलमडते, चिवचिवाट करते आणि पाहणाऱ्याचा जीव कासावीस होतो. त्या वेळी पट्टी सोडू नये, तर फडक्याच्या दोन गुंडाळ्या त्याच्या दोन बाजूंना ठेवून त्याला आधार द्यावा. खाली खडबडीत, सपाट आणि कोरडे अंथरूण असावे. घट्ट विणीचा जुना टॉवेल याला उत्तम. दिवसातून तीनचार वेळा त्याला दोन्ही हातांच्या आधाराने काही मिनिटे उभे करावे, म्हणजे स्नायूंना भार घेण्याची सवय लागते. रोज पट्टी कापून काढावी, बोटे निळसर किंवा सुजलेली नाहीत याची खात्री करावी आणि पिलू किती सरळ उभे राहते हे पाहून मगच नवी बांधावी. चिकटपट्टी ओढून काढल्यास कोवळी कातडी सोलवटते, म्हणून तिला आधी तेलाचे बोट लावावे. बहुतेक पिले दोन ते पाच दिवसांत स्वतःच्या बळावर उभी राहतात. पाण्याचे भांडे उथळ असावे व त्यात खडे घालावेत, कारण बांधलेल्या पायांचे पिलू बोटभर पाण्यातही बुडते.

वाकड्या बोटांचा प्रकार याहून थोडा निराळा. अंड्यातून निघतेवेळीच एकदोन बोटे मुडपलेली असतील आणि पिलू एरवी ताजेतवाने असेल, तर पुठ्ठ्याचा पायाच्या आकाराचा लहान तुकडा कापून त्यावर बोटे नैसर्गिक अंतराने पसरावीत व वरून चिकटपट्टी लावावी. हा जोडा एकदोन दिवस ठेवल्यास कोवळी हाडे सरळ वळण घेतात. परंतु पहिल्या काही आठवड्यांत पूर्वी सरळ असलेली बोटे दोन्ही पायांत आत वळू लागली, पिलू घोट्यांवर चालू लागले आणि भूक शाबूत असूनही वाढ खुंटली, तर तो दोष बोटांचा नाही. रायबोफ्लेविन या ‘ब’ वर्गातील जीवनसत्त्वाच्या अभावी पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे आवरण बिघडते व त्यामुळे बोटे आत ओढली जातात. तेथे पुठ्ठ्याचा जोडा व्यर्थ आहे. पशुवैद्याच्या सल्ल्याने पाण्यातून ‘ब’ वर्गाची जीवनसत्त्वे द्यावीत आणि आहारात उकडलेले अंडे, शिजवलेली कलेजी व थोडे यीस्ट यांचा समावेश करावा. आरंभी उपाय झाला तर पिलू काही दिवसांत बोटे उघडते. फार दिवस लोटल्यावर मज्जातंतूंची हानी कायमची होते.

आता जो विषय आंबोलीच्या पावसाळ्याशी सर्वांत निकटचा आहे त्याकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत कोंबड्यांचे पालन बंदिस्त जागेत होऊ लागले तेव्हा हिवाळ्यात आणि वसंताच्या प्रारंभी वाढवलेली पिले तीनचार आठवड्यांची होताच पायांनी लुळी पडत, आणि घरात बंद ठेवून पिले वाढवणे अशक्य आहे असेच त्या वेळी अनेकांचे मत झाले. विस्कॉन्सिन विद्यापीठातील हार्ट, हॅलपिन आणि स्टीनबॉक यांनी १९२० नंतरच्या काही वर्षांत पिलांवर प्रयोग करून दाखवून दिले की, दाणा तोच ठेवून केवळ सूर्यप्रकाश किंवा कॉड माशाच्या यकृताचे तेल दिले असता हा लुळेपणा टळतो. माणसाच्या मुलांना होणारा मुडदूस आणि पिलांचे हे पाय लुळे पडणे ही एकाच व्याधीची दोन रूपे ठरली. त्वचेवर पडणाऱ्या उन्हातील अतिनील किरणांनी ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते, त्याच्या साहाय्याने अन्नातील कॅल्शियम आतड्यातून शोषले जाते आणि हाडांत भरले जाते. ऊन नाही तर ‘ड’ नाही, आणि ‘ड’ नाही तर पोटात कितीही चुना गेला तरी हाड मऊच राहते. हे किरण खिडकीच्या काचेतून पार होत नाहीत, म्हणून बंद काचेआडचे ऊन पिलाला ऊब देते, हाड देत नाही.

मुडदूस झालेल्या पिलाची चोच बोटांनी दाबली असता रबरासारखी लवते, घोटे जाडसर दिसतात, छातीचे हाड वाकडे होते आणि पिलू दोनचार पावले टाकून खाली बसते. जून ते सप्टेंबरपर्यंत ढगांच्या दाट आवरणाखाली राहणाऱ्या गावात, त्यातही दिवसभर डालग्याखाली किंवा पडवीत ठेवलेल्या पिलांत, या व्याधीची शंका सर्वप्रथम घ्यावी. यावर पहिला उपाय म्हणजे उघाड मिळेल तेव्हा, मग ती तासाभराचीच का असेना, पिलांना घारीपासून जपत खळ्यात मोकळे सोडणे. दुसरा उपाय म्हणजे पशुवैद्याकडून मिळणारे ‘ड-३’ जीवनसत्त्वाचे औषध. येथे एक खबरदारी हवी: वनस्पतिजन्य ‘ड-२’ माणसाला उपयोगी पडते, परंतु पक्ष्यांचे शरीर त्याचा फारच थोडा उपयोग करू शकते. मालवणच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या मोरी माशाच्या यकृताचे तेल ‘अ’ जीवनसत्त्वाने समृद्ध असले तरी ‘ड’च्या बाबतीत कॉडच्या तेलाच्या तोडीचे नसते; तेव्हा एकाच्या जागी दुसरे निर्धास्तपणे वापरू नये.

चुन्याची बाजूही सांभाळावी लागते. भाताची कणी आणि कोंडा यांवर वाढणाऱ्या पिलाला कॅल्शियम फारच थोडे मिळते, आणि कोंड्यातील फॉस्फरस विपुल असला तरी तो अशा रूपात असतो की पिलाच्या अंगी त्याचा थोडाच भाग लागतो. १०० ग्रॅम तांदळात कॅल्शियम दहा मिलिग्रॅमांच्या आसपास असते, तर तेवढ्याच नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम. ज्या डोंगरउतारांवर नाचणी पिकते तेथल्या पिलांना तिचा भरडा मिळू नये, हे शोचनीय होय. किनाऱ्यावरून येणारी सुकट आणि जवळा हेही कॅल्शियम व प्रथिने यांचे चांगले साधन आहे. मात्र पिलांना मीठ सोसत नाही, म्हणून ती धुऊन, वाळवून, कुटून अगदी थोडी द्यावी व खारवलेली मासळी मुळीच देऊ नये. याउलट, अंडी घालणाऱ्या कोंबडीचे खाद्य पिलांना घालणे हीही चूक आहे, कारण त्यात कवचासाठी तीनचार टक्के कॅल्शियम असते आणि पिलाला एक टक्का पुरे. अधिक कॅल्शियमने त्याची मूत्रपिंडे बिघडतात.

कोंबडीचे पाय आणि तांदूळ यांच्या संबंधाने तर वैद्यकशास्त्राच्या इतिहासात एक संपूर्ण प्रकरण लिहिले गेले आहे. जावा बेटावरील बटाव्हिया येथे, म्हणजे आजच्या जाकार्तात, डच वैद्य क्रिस्तियान आइकमान हे बेरीबेरी या रोगाचा जंतू शोधण्यासाठी कोंबड्यांवर प्रयोग करीत होते. १८९० च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले, त्या पडून राहू लागल्या आणि मरू लागल्या. ज्यांना जंतू टोचला होता त्या आणि ज्यांना टोचला नव्हता त्याही. मग काही महिन्यांनी हा रोग आपोआप नाहीसा झाला. चौकशीअंती कळले ते असे की, मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या मुदपाकखान्यातला सडून पांढऱ्या केलेल्या तांदळाचा उरलेला भात घातला जात असे. पुढे नव्या आचाऱ्याने लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना देण्यास नकार दिला आणि त्यांना पुन्हा असडी तांदूळ मिळू लागले. त्यानंतर आदोल्फ फोर्डरमान यांनी जावातील १०१ तुरुंगांची पाहणी करून दाखवले की, असडी तांदूळ खाणाऱ्या कैद्यांत बेरीबेरी अत्यंत विरळ असून पांढरा तांदूळ खाणाऱ्यांत ती विपुल आहे. आइकमान यांना आरंभी वाटले की कोंड्यात एखाद्या विषावरचा उतारा असावा. त्यांचे सहकारी खेरित ख्रेन्स यांनी १९०१ मध्ये कोंड्यात जीवनाला आवश्यक असे काही द्रव्य असते आणि त्याच्या अभावीच रोग होतो, ही योग्य मीमांसा मांडली. ते द्रव्य म्हणजे थायमिन. १९२९ साली आइकमान यांना या कामगिरीबद्दल नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मनुष्यजातीला जीवनसत्त्वांची वाट एका अर्थी लुळ्या पायांच्या कोंबड्यांनी दाखवली.

सिंधुदुर्गातील गृहिणीला या इतिहासाचा व्यावहारिक उपयोग आहे. या जिल्ह्यात पेजेसाठी उकड्या तांदळाची जी परंपरा आहे, तीत भात सालीसकट उकडताना कोंड्यातील थायमिनचा काही अंश दाण्यात मुरतो आणि नंतर भरडून सडल्यावरही तो शिल्लक राहतो. म्हणून पिलांना कणी घालावयाचीच असेल तर ती उकड्या तांदळाची घालावी आणि तिच्यात ताजा कोंडा मिसळावा. गिरणीच्या पांढऱ्याशुभ्र कणीवरच पिले वाढवू नयेत. ताजा असे मुद्दाम म्हटले आहे, कारण पावसाळी हवेत कोंडा आठपंधरा दिवसांत खवट होतो व मग लाभापेक्षा अपायच अधिक.

कोंड्यातून मिळणारे आणखी एक द्रव्य पायांना अत्यावश्यक आहे, ते म्हणजे मँगनीज. याची उणीव असली म्हणजे हाडे आखूड व जाड होतात, घोटा चपटा पडतो आणि वर वर्णन केलेली जाड कंडरा आपल्या खोबणीतून बाजूला घसरते. मग पाय बाहेरच्या अंगाला पिळवटतो आणि पिलू तो टेकू शकत नाही. कॉर्नेल विद्यापीठातील विल्गस, नॉरिस आणि ह्यूजर यांनी १९३६ मध्ये या विकृतीचे मँगनीजशी असलेले नाते सिद्ध केले. आहारात कॅल्शियम व फॉस्फरस यांचा अतिरेक झाला तर मँगनीजचे शोषण कमी होऊन हीच विकृती बळावते, ही गोष्ट पिलांना ओंजळभर शिंपल्यांचा चुरा घालणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. कंडरा नुकतीच घसरली असेल तर अनुभवी पशुवैद्य पाय अलगद ताणून तिला अंगठ्याने जागेवर सरकवतो आणि पट्टी बांधतो. काही दिवस लोटल्यावर खोबणच सपाट होते व ती पुन्हा ठरत नाही.

जेथे एकाच वेळी अनेक पिले लंगडतात, त्यांच्या जोडीला हगवण, धाप, मान वळणे किंवा थरथरणे दिसते, तेथे घरगुती उपचार थांबवून पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्दी द्यावी. खेड्यापाड्यांत जिला मानमोडी म्हणतात ती राणीखेत व्याधी पाय व पंख लुळे करते; तिच्यावर औषध नाही, परंतु पिलू आठवड्याचे होण्याच्या सुमारास डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकावयाची लस सहज उपलब्ध आहे. हंगेरीतील योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये ज्याचे वर्णन केले तो मॅरेक रोग मज्जातंतूंवर हल्ला करतो आणि त्यात पक्षी एक पाय पुढे व एक मागे पसरून पडतो. त्याची लस पहिल्याच दिवशी टोचावी लागते, म्हणून उबवणी केंद्रातून पिले आणताना ती दिलेली आहे की नाही याची चौकशी करावी. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची साथ आली, तेव्हापासून कोंबड्यांची सामुदायिक मरतूक ही खाजगी बाब राहिलेली नाही. तिची खबर देणे हे शेजाऱ्यांप्रती कर्तव्य आहे.

दमट हवेतील बुरशीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की जातीचे सुमारे एक लाख पक्षी अकस्मात मेले, आणि ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीवरील बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन, हे त्याचे कारण निघाले. हे विष थोड्या प्रमाणात पोटात गेले तरी यकृत दुबळे होऊन अन्नाचे सत्त्व अंगी लागत नाही, आणि मग उत्तम खाद्य घालूनही पाय अशक्त राहतात. आंबोलीत पेंड किंवा तयार खाद्य पावसाळ्यात एकदम पोतेभर घेऊ नये. थोडथोडे आणून झाकणाच्या डब्यात, भिंतीपासून दूर आणि फळीवर ठेवावे, आणि ज्याला कुबट वास येतो ते उकडून, भाजून वापरण्याचा मोह टाळून फेकून द्यावे, कारण हे विष साध्या आचेने नष्ट होत नाही.

या सर्व विवेचनातून खबरदारीची रूपरेषा आपोआप निघते. कोंबडी शक्यतो अशा बेताने अंड्यांवर बसवावी की, मृगापूर्वी पिले महिनाभराची होऊन त्यांनी उन्हाळ्याचे ऊन अंगावर घेतलेले असेल. ज्या कोंबडीची अंडी उबवावयाची तिला बसवण्यापूर्वी काही आठवडे हिरवा पाला, मासळी आणि मोकळी चरण मिळावी, कारण पिलाच्या पहिल्या दिवसांचा हाडांचा साठा तीच बलकात भरते. आईवाचून वाढणाऱ्या पिलांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सियसची ऊब द्यावी आणि दर आठवड्याला ती तीन अंशांनी कमी करावी. पिले दिव्याखाली एकावर एक चढत असतील तर ऊब कमी, आणि चोच वासून दूर पळत असतील तर ऊब जास्त, असे समजावे. जमिनीवर कोरड्या भाताच्या तुसाचा बोटभर थर घालावा, तो रोज हलवावा, भिजलेला भाग काढून टाकावा. पिलांना हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि मुलांना ही शिस्त आरंभापासून लावावी.

इतके करूनही काही पिले बरी होत नाहीत, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. नळीचे साधे मोडलेले हाड मऊ कापूस व काडीच्या आधाराने दोनतीन आठवड्यांत सांधते. परंतु दोन्ही घोट्यांच्या कंडरा घसरलेले, उपचारानंतरही उठून दाणापाणी न घेणारे आणि वेदनेने सतत विव्हळणारे पिलू केवळ आपल्याला निर्णय घेववत नाही म्हणून दिवसचे दिवस झुरत ठेवणे ही दया नव्हे. अशा वेळी पशुवैद्याच्या हातून त्याचा त्रास संपवावा. जे पिलू एका पायाने अधू राहिले तरी खाते, पिते, कळपात वावरते, त्याला मात्र जगण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि त्याच्यासाठी खालच्या पातळीवर एक दांडी व चोचीला लागेल असे दाण्याचे भांडे एवढीच सवलत पुरेशी होते.

कोंबडीच्या पिलाची बाजारातील किंमत थोडी, म्हणून त्याच्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, एका पिलाचा पाय का वळला हे ज्या घराने शोधून काढले, त्या घराची पुढची सारी पिले त्या कारणापासून वाचतात: फरशीवर तूस पडते, कणीत कोंडा व नाचणी मिसळते, उघाडीच्या तासाला डालगे उचलले जाते आणि लशीचा दिवस दिनदर्शिकेवर मांडला जातो. तांदळाच्या कोंड्याचे रहस्य जगाला कोंबडीच्या पायांमुळेच कळले आणि असंख्य माणसांचे प्राण वाचले. तेव्हा आपल्या खळ्यातील अधू पिलाकडे लक्षपूर्वक पाहण्यात घालवलेला वेळ वाया जातो असे कोणाही शहाण्या माणसाने मानू नये.